जंतूंबद्दल माझी तक्रार नाही

जंतूंबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ते शिस्तीत वागतात. खायला मिळालं, ऊब मिळाली की वीस-वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, सुट्टी मागत नाहीत आणि एकदा शिकलेला धडा विसरत नाहीत. माझी तक्रार आहे ती त्यांच्याविरुद्धचं औषध निवडणाऱ्यांबद्दल. आणि हे काम साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ज्याला ज्याला घसा आहे तो प्रत्येक जण करतो.

मी साताऱ्यात मेडिकल चालवतो. शिक्षण कराडला झालं. तिथं आम्हाला शिकवलं होतं, की अँटिबायोटिक द्यायच्या आधी काही गोष्टी बघायच्या. दुखणं जिवाणूचं आहे की विषाणूचं, जिवाणूचं असेल तर शरीरात नेमकं कुठं आहे, तिथं सहसा कोणता जिवाणू सापडतो, निवडलेलं औषध त्या जागेपर्यंत पोचतं का, मूत्रपिंडं कशी आहेत, बाई गरोदर आहे का, पेनिसिलिन चालतं का, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत. या प्रश्नांवर मी परीक्षा पास झालो. काउंटरवर मात्र यातला एकही प्रश्न मला कुणी विचारत नाही, आणि मी विचारला तर समोरचा माणूस घड्याळ बघतो.

काउंटरवरचे निकष वेगळे आहेत. पहिला निकष रंग. "ती नाही का, लांबट, गुलाबी, मागं दिली होती?" मागं म्हणजे कधी, असं विचारलं तर "थोरलीच्या लग्नात" असं उत्तर येतं. थोरलीची मुलगी आता दहावीला आहे.

दुसरा निकष पाव्हणा. पाव्हण्याला एका गोळीत उतार पडला, म्हणून तीच हवी. पाव्हण्याला काय झालं होतं? दाढ ठणकत होती. तुम्हाला काय होतंय? खोकला. पण गोळी एकच, कारण पाव्हणा चांगला माणूस आहे.

तिसरा निकष मुहूर्त. उद्या सुपारी फोडायची आहे, तेव्हा आज रात्री ताप उतरला पाहिजे. ताप बहुधा विषाणूचा असतो. तो त्याच्या वेळेनं चार-पाच दिवसांत उतरणार असतो आणि अँटिबायोटिकशी त्याचा काही संबंध नसतो. पण गोळी घेतली आणि चौथ्या दिवशी ताप उतरला, की श्रेय गोळीला. गोळी घेतली आणि ताप उतरला नाही, की दोष मेडिकलवाल्याला. पॅरासिटामॉलला यात कुणी विचारत नाही.

चौथा निकष सुट्टे पैसे. "दोनच द्या, कापून." पाच दिवसांच्या औषधातल्या दोन गोळ्या म्हणजे एका दिवसाचं औषध, आणि त्यातून जिवाणू मरत नाही, फक्त सावध होतो, हे सांगायला मी तोंड उघडतो तोवर कात्री माझ्या हातात आलेली असते. बॅच नंबर आणि एक्सपायरी पाकिटाच्या एका टोकाला छापलेली असते. ते टोक दुकानात राहायला हवं. गिऱ्हाइकाला मात्र बरोबर तेच टोक हवं असतं, कारण नाव तिकडं स्पष्ट दिसतं आणि पुढच्या वेळी दाखवायला बरं पडतं. मग माझ्या ड्रॉवरमध्ये नाव नसलेल्या, तारीख नसलेल्या निनावी गोळ्या जमत जातात.

आता दाजींबद्दल. आमचे दाजी सांगलीला विश्रामबागेत राहतात. थोरल्या बहिणीचे यजमान, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोय आमच्या घराण्यात नाही. त्यांचा घसा वर्षातून दोनदा ठरल्यासारखा धरतो. एकदा साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो तेव्हा आणि एकदा तासगावची द्राक्षं उतरतात तेव्हा. त्यांचा फोन येतो.

"पाव्हणं, ती तीन गोळ्यांची घेऊ ना?"

"दाजी, नाक वाहतंय का?"

"धो धो."

"मग ही सर्दी आहे. सर्दी विषाणूची. तिला ती गोळी काही करत नाही. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा, दोन-तीन दिवस थांबा."

"बरं, बरं. मग आता दुसरी कधी घेऊ?"

दाजी तिसरी गोळी कधीच घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, मग तिसरी वाया कशाला घालवायची? दर दिवाळीला मी साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा बॉक्स नेतो. पेढे संपले की त्या बॉक्समध्ये उरलेल्या गोळ्या जातात. अझिथ्रोमायसिनच्या तीन-चार, सेफिक्झिमच्या दोन, अर्धं सिप्रो, आणि एक कॅप्सूल जी कशाची आहे हे तिच्या कंपनीलाही सांगता येणार नाही. गल्लीत कुणाला कणकण आली की ताई तो बॉक्स घेऊन जाते. माझ्या दुकानाची ही सांगली शाखा. तिला लायसन नाही, फार्मासिस्ट नाही, आणि गिऱ्हाईक माझ्यापेक्षा जास्त आहे.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगना १९४५ साली नोबेल मिळालं. त्या वेळच्या भाषणात त्यांनी एक कल्पित गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो. तो आपल्या मनानं पेनिसिलिन आणतो आणि जंतू मरणार नाहीत पण शिकतील इतपतच घेतो. मग ते शिकलेले जंतू बायकोला देतो, तिला न्यूमोनिया होतो, आणि तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही. फ्लेमिंगसाहेब कधी विश्रामबागेत आले असतील असं वाटत नाही. पण वर्णनात गुळण्या सोडल्या तर काही राहिलेलं नाही.

हे एकट्या दाजींचं नाही. २०१९ सालच्या देशातल्या खासगी विक्रीचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यांत जास्त खपणारं अँटिबायोटिक अझिथ्रोमायसिन ५०० निघालं आणि दुसऱ्या नंबरला सेफिक्झिम २००. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ पासून अँटिबायोटिकांचे तीन गट केले आहेत. पहिल्या गटातली आधी वापरायची, दुसऱ्यातली जपून, तिसऱ्यातली बाकी सगळं हरल्यावर. आपली पहिली दोन्ही बक्षिसं दुसऱ्या, म्हणजे जपून वापरायच्या गटाला गेली.

यातला खरा अन्याय जुन्या औषधांवर आहे. घसा खरोखरच जिवाणूनं धरला असेल, तर तो बहुधा अ गटातला स्ट्रेप्टोकोकस असतो. हा जिवाणू आजही साध्या पेनिसिलिनला आणि अमॉक्सिसिलिनला दाद देतो. ऐंशी वर्षं झाली, त्यानं शब्द मोडलेला नाही. आपल्याकडं पेनिसिलिन बनवायला १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. पण मी अमॉक्सिसिलिन पुढं केलं की गिऱ्हाईक म्हणतं, "ही आमच्या आजीला द्यायचे. नवीन काही नाही का?" आजीला गुण यायचा, हा त्या गोळीचा दोष ठरतो.

कायद्याचीही मला मदत आहे. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, हे औषधविषयक नियमांच्या एच अनुसूचीत जुनंच आहे. १ मार्च २०१४ पासून त्यावर एच-वन अनुसूची आली. सुरुवातीला तिच्यात ४६ औषधं होती. सेफिक्झिम आहे, लिव्होफ्लॉक्सासिन आहे, क्षयाची औषधं आहेत. या औषधांसाठी वेगळं रजिस्टर ठेवायचं. त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहायचे, आणि ते तीन वर्षं जपायचं. मी नाव विचारतो. "नाव कशाला? निवडणुकीला उभं करताय का?" पत्ता विचारला तर बरोबर आलेली माणसं एकमेकांकडं बघतात. रजिस्टर लिहून होईपर्यंत मागच्या रांगेतला एक जण निघून जातो. तो शेजारच्या मेडिकलात गेला आणि त्याला तिथं नाव न विचारता गोळी मिळाली, हे मला संध्याकाळी तोच येऊन सांगतो, कारण कापूस फक्त माझ्याकडं होता.

अझिथ्रोमायसिन त्या ४६ मध्ये नव्हतं. ते साध्या एचमध्ये. त्यामुळे देशात सर्वांत जास्त खपणाऱ्या अँटिबायोटिकसाठी मला वेगळं रजिस्टर ठेवावं लागत नाही. यावर माझी तक्रार नाही. माझं अक्षर वाईट आहे.

२०१६ साली सरकारनं लाल रेघेची मोहीम काढली. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ, ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. योजना चांगली होती. आता गिऱ्हाईक पाकीट उलटंपालटं करून बघतं आणि म्हणतं, "याच्यावर लाल रेघ नाही. कमी पावरचं दिसतंय."

लहान मुलांच्या औषधाचं जरा सविस्तर सांगावं लागेल. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटची ड्राय सिरपची बाटली म्हणजे तळाला कोरडी पूड आणि वर रिकामी जागा. लेबलावर एक खूण असते. पाणी उकळून गार करायचं, खुणेच्या खाली थांबेल इतकं ओतायचं, बूच लावून खच्चून हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत बेताबेतानं पाणी घालायचं आणि पुन्हा हलवायचं. बाटली फ्रीजमध्ये, दर वेळी हलवून, आणि सात दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं. हे मी प्रत्येक आईला सांगतो, आणि प्रत्येक आई मान डोलावते, कारण तिच्या कडेवर रडणारं पोर असतं आणि तिला माझं बोलणं लवकर संपायला हवं असतं.

घरी गेल्यावर पाणी बुचापर्यंत भरलं जातं, म्हणजे औषध पुरवठ्याला येतं. पातळ झालं, तर डोस कमी पडतो. काही ठिकाणी पाणी खुणेच्या निम्म्यावर थांबतं, म्हणजे औषध दाट आणि जोरदार होतं. मग पोराला जुलाब होतात, आणि जुलाबावर औषध घ्यायला ते पुन्हा माझ्याकडंच येतं. उरलेली बाटली फ्रीजच्या दारात आमसुलाच्या बाटलीशेजारी उभी राहते, धाकट्याची वाट बघत. तिच्यात सातव्या दिवसानंतर औषध म्हणून किती उरलं, याची चौकशी फक्त आमसूल करू शकेल.

जुलाबांचा विषय निघालाच आहे. पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा आपोआप थांबतात. मधल्या काळात अंगातलं पाणी आणि क्षार जाऊ द्यायचे नाहीत, एवढंच काम. त्यासाठी ओआरएसची पुडी, आणि मुलांना चौदा दिवस झिंक. पण ओआरएस म्हणजे साखर-मीठ, आणि साखर-मिठाला कोण औषध म्हणणार? म्हणून मागणी असते ती जोड-गोळीची. एक औषध जिवाणूवर, एक अमिबावर. पोटात दोघांपैकी कोण आहे याचा तपास न करता दोघांनाही अटक करायची. आणि बहुतेक वेळा दोघंही तिथं नसतात, तिथं विषाणू असतो. तो बाजूला बसून हा गोंधळ बघत असतो.

सिप्रोफ्लॉक्सासिनबद्दल मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहितो, दुधाबरोबर नको. दुधातलं कॅल्शियम त्या औषधाला धरून बसतं, औषध रक्तात पुरतं जातच नाही. सांगलीत हा सल्ला देणं म्हणजे गावाशी वैर घेणं. तिथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि दूध गावोगावी मुबलक. मग गोळी कशाबरोबर घेतली? हळद घातलेल्या गरम दुधाबरोबर, म्हणजे दोन्हीचा गुण येईल. "तुमच्या त्या गोळीनं काही झालं नाही. हळदीनं बरं वाटलं."

आमच्या दाजींची मुलगी, माझी भाची, फार्म डी झाली आहे. हा अभ्यासक्रम आपल्या देशात २००८ साली सुरू झाला. पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. वॉर्डात डॉक्टरांबरोबर फिरायचं, रिपोर्ट बघायचे, अँटिबायोटिक बरोबर निवडलंय का, डोस किडनीला झेपेल का, शिरेतलं औषध थांबवून गोळीवर कधी आणता येईल, हे सुचवायचं. ती मिरजेत एका हॉस्पिटलात आहे. मिरजेला वैद्यकीची परंपरा आहे. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं दवाखाना उभा केला आणि तेव्हापासून अर्धा कर्नाटक उपचाराला मिरजेत उतरतो. अशा गावी भाचीच्या ज्ञानाचं चीज व्हायला हरकत नव्हती. तसं ते झालंही. तिच्याकडं औषधांच्या स्टॉकची जबाबदारी आहे. कोणत्या इंजेक्शनची एक्सपायरी जवळ आली, ते ती आधी कळवते, म्हणजे ते आधी वापरून संपवता येतं.

एकदा तिनं फोनवर सांगितलं, "मामा, एका आजींना लघवीचं इन्फेक्शन होतं. कल्चरचा रिपोर्ट आला, साधं नायट्रोफ्युरँटॉइन चालत होतं. किडनी चांगली, ताप नाही. पाच दिवसांचं काम. मी सुचवलं."

"मग?"

"म्हणाले, चांगला मुद्दा आहे, लिहून ठेव. मग महागडं इंजेक्शन चालू ठेवलं. नातेवाईकांना सलाइनच्या स्टँडवर काहीतरी लटकलेलं दिसलं पाहिजे म्हणे."

कल्चर रिपोर्टवर औषधांची उतरंड असते आणि प्रत्येकासमोर एस नाहीतर आर. एस म्हणजे जिवाणू त्या औषधाला बधतो, आर म्हणजे जुमानत नाही. आजींच्या मुलानं रिपोर्ट घेऊन सगळे आर मोजले आणि विचारलं, "आर म्हणजे राइट ना? मग एवढ्या राइट औषधांतलं एकही का देत नाही?" भाचीनं त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही डॉक्टर आहात का?" ती गप्प राहिली. नावामागं डॉक्टर लावायचा तिला अधिकार आहे, पण त्यानंतरचा प्रश्न "मग इंजेक्शन का देत नाही?" हा असतो, आणि घरी तो तिचे वडील विचारतात. दाजी औषधाचं मुलीला विचारत नाहीत, मला विचारतात. माझं ऐकत नाहीत, शेजारच्या जोशीकाकूंचं ऐकतात. काकू बँकेत होत्या.

आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. साध्या तापाला आणि विषाणूच्या खोकल्याला अँटिबायोटिक नको, हॉस्पिटलबाहेर झालेल्या न्यूमोनियाला पाच दिवस पुरे. ती पुस्तिका भाचीनं छापून आणली. ताईनं तिचं कव्हर भाचीच्या लहान भावाच्या वहीला घातलं, कागद जाड होता.

माणसांपुरतं हे राहिलं असतं तर मी सहन केलं असतं. आटपाडीकडं, जतकडं, आमच्या माण-खटावात डाळिंबावर तेल्या पडतो. तो जिवाणूचा रोग. शेतकरी वर्षानुवर्षं त्यावर स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनच्या मिश्रणाची पुडी पाण्यात कालवून फवारत आले. क्षयावरचं आणि तापावरचं औषध, पंपानं. सरकारनं ते टप्प्याटप्प्यानं बंद केलं आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीत वापरायला मनाई केली. कृषी केंद्रवाल्यांनी नाराजी कुणाकडं व्यक्त केली? माझ्याकडं. "तुमच्या धंद्यातल्या लोकांनीच बंद पाडलं ना?"

आणि इतकं सगळं विनाकारण घेणाऱ्या गावाला जेव्हा खरंच गोळी घ्यायची वेळ आली, तेव्हाचंही सांगतो. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच साली फ्लेमिंगचा पेनिसिलिनवरचा पहिला लेख छापून आला. पूल आणि पेनिसिलिन दोघांनीही पुष्कळ पाणी वाहून गेलेलं पाहिलं, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सत्तावन फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर गावभागातल्या जुन्या घराचा चिखल काढायला दाजी स्वतः उतरले, पायाला भेगा असताना, अनवाणी. अशा चिखलात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, आणि त्यात वावरणाऱ्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन घ्यायला सांगतात. औषध जुनं, स्वस्त, पहिल्या गटातलं. मी स्वतः नेऊन दिलं.

दाजींनी पाकीट बघितलं. "मला काय झालंय? ताप नाही, घसा नाही. उगीच कशाला अँटिबायोटिक घ्यायचं? पाव्हणं, तुम्हीच तर सांगता."

पाकीट पेढ्यांच्या बॉक्समध्ये गेलं.

माझ्या मागण्या फार नाहीत. पाकीट कापायला सांगणाऱ्यानं तारखेचं टोक मला ठेवू द्यावं. चिठ्ठी असेल तर तिच्यावरचे दिवस मोजावेत. चिठ्ठी नसेल तर पाव्हण्याची दाढ मला सांगू नये. पत्ता विचारला तर द्यावा, मी कुणाच्या घरी जेवायला येत नाही. पोराच्या बाटलीवरची पाण्याची खूण बघावी. आणि गोळी मागायच्या आधी एकदा विचारावं, की ही मला लागते का. फार्मसी व्यवसायाच्या २०१५ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाला समजावून सांगणं हे माझं कामच आहे, त्याचं बिल होत नाही. माझ्या दुकानात छापील किंमत नसलेली तेवढी एकच वस्तू आहे. म्हणूनच तिला उठाव नाही.